निळ्या चौकटीतलं वाचू नकोस

माझी मुलगी दीक्षा दर रविवारी जेवणं आटोपली की आतल्या खोलीचं दार लोटून घेते, डोक्याला हेडफोन लावते आणि एका अख्ख्या मुलखावर राज्य करते. हे मी कौतुकाने सांगतेय, पण सुरुवातीला कौतुक वगैरे काही नव्हतं. मला वाटायचं, कंपनीने आता रविवारही खाल्ला. मग एकदा चहा द्यायला आत गेले, तर ही अगदी शांतपणे म्हणत होती, "पुलावर तिघं पडलेत. दोघं गेलेत. तिसऱ्याचा हात हलतोय. काय करताय?" मी कप टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन तात्यारावांना म्हटलं, "ही सॉफ्टवेअर टेस्टिंग करते ना हो? नक्की कसलं टेस्टिंग?"

"तिला विचार," पेपरातून मान वर न काढता तात्याराव म्हणाले. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने एकाही प्रश्नाचं उत्तर स्वतःवर घेतलेलं नाही.

तिला विचारल्यावर कळलं की हा खेळ आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पूल मोडलाय. खेळणारे सांगतात, आम्ही दोर टाकतो किंवा नावाड्याला गाठतो. ते जमलं की फसलं, हे फाशांवर ठरतं. मूळचा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. या मंडळींनी लॉकडाउनमध्ये सुरू केला म्हणून टेबलाशिवाय, आणि लॉकडाउन उठलं तरी टेबल काही आलं नाही. अभय कर्वेनगरला, साई बिबवेवाडीत, उत्कर्षा खराडीत पीजीत राहते आणि आम्ही येरवड्यात. मी म्हटलं, सगळे पुण्यातच आहात, भेटून का खेळत नाही? तर दीक्षा म्हणाली, "आई, साई बिबवेवाडीतून इथे पोचेपर्यंत लढाई संपेल." ते मात्र खरं होतं.

कॅमेरे बंद असतात. पडद्यावर नुसती नावं, आणि जो बोलेल त्याच्या नावाभोवती हिरवं कडं उमटतं. तोंड दिसत नाही, कोण बोलायला टेकलंय ते कळत नाही, त्यामुळे दोघं-तिघं एकदम सुरू होतात आणि मग सगळेच थांबून "तू बोल", "नाही, तू बोल" करत बसतात. हे मला नीट समजलं, कारण माझं सगळं आयुष्य याच भानगडी निस्तरण्यात गेलंय.

मी जया. पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले, पण येरवड्यात मला त्यासाठी कुणी ओळखत नाही. मला ओळखतात ते आमच्या विहाराच्या सूत्रसंचालिका म्हणून. जयंती असो, वर्षावासाचं प्रवचन असो, महिला मंडळाची सभा असो, माइक माझ्या हातात. आमच्याकडे चार माणसं जमली की प्रास्ताविक होतं आणि सहा जमली तर आभारही मानले जातात. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. ज्यांना पिढ्यानपिढ्या कुणी बोलू दिलं नाही, त्यांना सभेचे नियम प्रिय असतात. नियम असला की शेवटच्या रांगेतल्या बाईचाही नंबर लागतो.

माइक हातात असला की चिठ्ठ्या येतात. काही मोठ्याने वाचायच्या असतात: अमुक रंगाची मोटारसायकल रस्त्यात लावली आहे, ती काढावी, हिरव्या फ्रॉकमधली मुलगी स्टेजजवळ रडते आहे, पालकांनी घेऊन जावं. "आत्ताच हाती आलेल्या सूचनेनुसार" असं म्हणून मी त्या वाचते. काही चिठ्ठ्या मी स्वतः पाठवते. लांबलेल्या वक्त्याला जाते ती एका ओळीची: "आटोपतं घ्या, वेळ संपली." ही चिठ्ठी मी प्राचार्यांना पाठवली आहे, नगरसेवकांना पाठवली आहे आणि एकदा खुद्द तात्यारावांनाही पाठवली आहे. तिसरी चिठ्ठी मात्र कुणाला दिसत नाही. सोजरबाईंसारखी एखादी बाई, घरात भांडी आपटून बोलणारी, स्टेजवर आली की पदराचं टोक पिळत बसते. तिच्या हातात मी हळूच चिठ्ठी सरकवते: "पुढचं नाव तुमचं आहे. मी शेजारीच उभी आहे." सोजरबाईंना वाचता येत नव्हतं, त्यांना मी ते कानात सांगितलं. त्या बोलल्या, आणि त्यानंतर त्यांना थांबवायला मला वर्षभर दुसरी चिठ्ठीही कानातच सांगावी लागली.

दीक्षा लहानपणी या सगळ्या सभांना पुढच्या सतरंजीवर बसलेली असायची. मला वाटायचं, कंटाळते बिचारी.

तर गेल्या महिन्यात दीक्षाचा आवाज गेला. नुसता बसला नाही, गेला. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, स्वरयंत्राला सूज आहे, आठ दिवस एक शब्दही काढायचा नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही. ऐकलं नाही तर हा आवाज पूर्ववत होईल याची हमी मी देणार नाही. कशाने झालं, असं त्यांनी विचारलं. दीक्षाने कागदावर लिहिलं: ऑफिसचे कॉल. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. आधीच्या रविवारी सहाव्या वेशीवर एक राक्षस होता आणि त्याचा आवाज हिने अडीच तास काढला होता.

आता ही वेस काय, ते सांगायला हवं. दीक्षाने रचलेल्या मुलखात सगळ्या नद्या आटल्या आहेत आणि उरलेलं पाणी एका शहरात सात वेशींआड कोंडून ठेवलंय. तिघं प्रवासी ते पाणी मोकळं करायला निघालेत. अभय झाला आहे भैरू, ढाल-तलवारवाला. साई झाला आहे चिमण, भुरटा चोर. आणि उत्कर्षा झाली आहे रेवती, जमिनीवर कान ठेवून खालचं पाणी ओळखणारी पाणाडी. दोन वर्षांत त्यांनी सहा वेशी ओलांडल्या. सातवी राहिली होती, आणि अभय बुधवारी जर्मनीला चालला होता, नव्या नोकरीवर. तिथली वेळ वेगळी, माणसं वेगळी. हा रविवार शेवटचा होता. आज वेस उघडली तर उघडली, नाहीतर गोष्ट तशीच लटकणार.

शनिवारी रात्री जेवताना दीक्षाने मोबाइलवर टाइप करून माझ्यासमोर धरलं: "उद्या तू माझा आवाज हो. मी लिहीन ते वाच."

"मला राक्षसाचा आवाज जमणार नाही," मी म्हटलं.

तात्याराव पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. "जमेल," ते म्हणाले आणि ताकाचा पेला उचलला.

दीक्षाने पुढे बरंच लिहिलं. उत्कर्षा बोलत नाही, टाइप करते. तिघांच्या गडबडीत तिच्या ओळी खाली येतात आणि वर सरकून जातात, म्हणून दीक्षा प्रत्येक ओळ उचलून मोठ्याने वाचते. मला एकदम उजेड पडला. दाराआडून मी दोन वर्षं "रेवती म्हणते" ऐकत होते आणि रेवती ही कुणी पाचवी मैत्रीण आहे, असं समजत होते.

"का बोलत नाही ती?"

"माइक खराब आहे म्हणते."

"दोन वर्षं?"

दीक्षाने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: "उद्या मला तिला बोलतं करायचंय. सातवी वेस मी त्यासाठीच बांधलीये. म्हणून तिच्या ओळी तू वाचू नकोस. बाकी सगळं वाच."

रविवारी मी इस्त्रीची साडी नेसले. दीक्षा हसली, पण मी माइकपुढे गाउनवर बसत नाही. तिने लॅपटॉप आमच्या दोघींच्या मधे ठेवला आणि बोटाने दाखवलं. डावीकडे पांढरी चौकट, त्यात जे येईल ते सगळ्यांसाठी, ते मी वाचायचं. उजवीकडे निळी चौकट, त्यात ती एकेकाला खासगीत लिहिते, बाकीच्यांना ते दिसत नाही. तिने कागदावर ठळक अक्षरांत लिहून लॅपटॉपला चिकटवलंही: निळ्या चौकटीतलं वाचू नकोस.

"कळतं मला," मी म्हटलं.

"नमस्कार काकू," अभय म्हणाला. "दीक्षा बरी आहे ना?"

"बरी आहे. बोलत नाहीये, त्यामुळे घर शांत आहे."

"काकू, मी साई. येरवड्यातून कधी सुटणार तुम्ही?"

येरवडा म्हटलं की तुरुंगाचा विनोद करायचा, हे पुण्यातल्या प्रत्येकाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय असं वाटतं. "तुझी जागा धरून ठेवली आहे, आलास की लगेच सुटते," मी म्हटलं. अभय हसला. खाली बारीक अक्षरांत उत्कर्षाची ओळ उमटली: "नमस्कार काकू." ती मला वाचायची नव्हती. मी नुसतं म्हटलं, "नमस्कार बाळा."

खेळ सुरू झाला. पांढऱ्या चौकटीत वाक्यं येऊ लागली आणि मी वाचू लागले. काय लिहिते हो माझी मुलगी. सहाव्या आणि सातव्या वेशीमधला माळ, पावलाखाली तडकलेली माती, घागरींचे ढीग आणि एकाही घागरीला ओल नाही. वाचता वाचता माझाच घसा कोरडा पडला. जे घरात तीन शब्दांत उत्तर देतं, ते पोर असं काही पोटात घेऊन हिंडतंय, हे मला कळायला तिचा आवाज जावा लागला.

आणि तेव्हाच मला निळी चौकट दिसायला लागली. वाचत नव्हते, पण डोळ्याच्या कडेला दिसत होतं. माझं एक वाक्य बोलून होईपर्यंत दीक्षा तिकडे दुसऱ्याच कुणाशी बोललेली असे. अभयला: तुझी ढाल फुटली तर तू काय करशील, आत्ताच विचार करून ठेव. साईला: अभयचं पूर्ण होऊ दे, मग तुझी उडी. तिघांची वेगवेगळी दोरी तिच्या बोटांत, कुणाला सैल, कुणाला ताणून, आणि ज्याचं त्याला वाटतंय की सगळं आपोआप चाललंय. मला क्षणभर वाचायचं भान राहिलं नाही. दीक्षाने कोपराने ढोसलं.

भैरू बाणांच्या माऱ्यात अडकला. चिमण त्याला ओढायला धावला, फासे उलटे पडले आणि चिमणच्या पोटात बाण घुसला. "मेलो की काय मी?" साई म्हणाला. अजून नाही, मी वाचलं. दोघांनी त्याला उचलून सातव्या वेशीपाशी आणलं. वेशीला कुलूप नव्हतं, कडी नव्हती. नुसता एक म्हातारा द्वारपाल बसलेला. मी त्याच्यासाठी आमच्या विहाराच्या जुन्या अध्यक्षांचा, हिंदुरावांचा आवाज काढला. ते बोलण्याआधी नेहमी खाकरत.

"तलवारीने हे दार उघडत नाही," मी खाकरून वाचलं. "तुमच्यातलं कोण बोलणार?"

अभय आणि साई एकदम सुरू झाले. "मी बोलतो", "नाही, चिमणच गोड बोलतो, तो बोलेल", "अरे मी मरतोय", "मरता मरता बोल". दीक्षाची बोटं निळ्या चौकटीवर धावत होती. मी चष्मा पुसून परत लावला. तेवढ्यात एक नवा मजकूर पडद्यावर आला, माझ्यासमोर, लांबलचक. समोर गोंधळ चाललेला, माइक माझ्यापुढे आणि नवी चिठ्ठी आलेली. सगळ्या आयुष्याच्या सवयीने माझं तोंड उघडलं.

"आत्ताच हाती आलेल्या सूचनेनुसार," मी खणखणीत आवाजात वाचलं, "उत्कर्षा, तुझा माइक खराब नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये. साईने तुझ्या बोलण्याची नक्कल केली, आम्ही सगळे हसलो, आणि तू पुढच्या रविवारपासून टाइप करायला लागलीस. मीही हसले होते. ही वेस मी तुझ्यासाठी बांधलीये. दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने ती उघडत नाही. पुढचं नाव तुझं आहे. मी शेजारीच आहे."

शेवटच्या दोन वाक्यांना माझा आवाज अडखळला, कारण ती वाक्यं माझी होती. आणि मग मी चौकटीचा रंग पाहिला.

एकाही नावाभोवती कडं उमटेना. दीक्षा माझ्याकडे पाहत होती. रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. ती नुसती पाहत होती, दोन वर्षं रचलेली भिंत कुणाचा तरी खांदा लागून पडावी आणि आता विटा कुठून गोळा करू, अशी.

"मी गंमत करत होतो यार," साई शेवटी म्हणाला. "एकदाच केली होती. वऱ्हाडी बोललं की सगळेच हसतात. त्यात काय एवढं?"

"एकदा नाही, त्या दिवशी सारखी करत होतास," अभय म्हणाला.

"मग तू तेव्हा का नाही बोललास?"

"कारण मलाही हसू येत होतं, म्हणून."

"म्हणजे सगळा दोष माझ्यावर."

दोघांची कडी एकात एक पेटायला लागली. उत्कर्षाचं नाव करडं होतं. आहे की गेली, तेही कळत नव्हतं. मला माझा राग आला आणि साईचा त्याहून जास्त आला. पेठेतल्या ऑफिसात माझ्या बोलण्याला हसणारे मी बघितलेत. त्यांचीही गंमतच असायची. हसणाऱ्याची गंमत चहाबरोबर संपते. ज्याच्यावर हसतात तो मात्र पुढे जन्मभर वाक्य तोंडात तपासून मग बाहेर काढतो. हे सगळं साईला ऐकवायला मी तोंड उघडलं, तर दीक्षाने माझ्यापुढचा माइक स्वतःकडे वळवला.

"दीक्षा, नाही," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही.

"द्वारपाल..." ती म्हणाली. तो आवाज नव्हता. कोरड्या नळातून हवा यावी तसं काहीतरी घरघरत बाहेर आलं. तिने गळ्यावर हात धरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि परत सुरुवात केली. "द्वारपाल... वाट बघतोय. रेवती..."

रेवती म्हणते, असं म्हणून ती पुन्हा उत्कर्षाच्या वतीने बोलणार होती. सगळा डाव फसला होता, तरी त्या मुलीची ओळ वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच तिला कळत होतं. डॉक्टर, स्वरयंत्र, नोकरी, कशाचाही विचार नाही. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"रेवती... म्हण..."

"ताई, तू नको बोलू."

करड्या नावाभोवती हिरवं कडं उमटलं होतं. आवाज बारीक होता, पण माइक अगदी ठणठणीत होता.

"तू नको बोलू, ताई. तुह्या गळ्याले तरास होऊन राह्यला. मी बोलतो ना. मी बोलतो."

दीक्षाने माइक माझ्याकडे सरकवला आणि तोंडावर दोन्ही हात धरून बसली. पांढऱ्या चौकटीत काही येईना. मग मीच खाकरले आणि हिंदुरावांच्या आवाजात म्हटलं, "कोण बोलतंय?"

"मी रेवती. पाणाडी हाय मी."

"काय हवंय?"

"पानी."

आता दीक्षाची बोटं हलली. पांढऱ्या चौकटीत प्रश्न आला आणि मी तो वाचला. "कोणासाठी?"

अभय-साईपैकी कुणी मधे पडलं नाही. दोन वर्षांत त्या खेळात हे पहिल्यांदाच झालं असेल.

"मले नाई पायजे," ती म्हणाली. "मले सवय हाय. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येते, तवा आमी पानी पितो. पन हा चिमण पडला हाय तुमच्या दारात. त्याच्या पोटात बाण हाय, त्याले तहान लागली. लय बडबड करते तो, नक्कल करते, समद्यायले हसवते. आता बोलून नाई राह्यला. त्याले आधी द्या. त्याच्या तोंडात पानी पडू द्या, मंग दार लावून घ्या पायजे तर. आमी बाहेरच बसतो."

मी दीक्षाकडे पाहिलं. तिने लिहिलेलं उत्तर आधीपासून तयार होतं, ते तिने पांढऱ्या चौकटीत आणून टाकलं. मी वाचलं. "सहा वेशी ओलांडून आलेले सगळे इथे स्वतःसाठी पाणी मागतात. दुसऱ्यासाठी मागणारं पहिलंच कुणी आलं. दार मी उघडत नाही बाई. ते आत्ताच उघडलं."

पुढे पाणी कसं आलं, ते दीक्षाने पानभर लिहिलं होतं. माळावरून धावत आलेलं, घागरी उचलून नेणारं, तडकलेल्या मातीच्या भेगांत गुडगुडत उतरणारं. ते मी वाचलं, आणि चांगलं वाचलं. स्वतःच्या लेकीचं लिखाण एवढ्या लोकांपुढे वाचायचं भाग्य किती जणींना मिळतं? चार माणसं होती, पण मला भरलेल्या मैदानापुढे उभी असल्यासारखं वाटत होतं. छाती फुगणं म्हणतात ते खरंच फुगतं, ब्लाउज आवळायला लागतो.

"उत्कर्षा," साई म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "चिमण पाणी पितोय. आणि मी... मी वाईट वागलो. सॉरी."

"हाव," उत्कर्षा म्हणाली. "पी."

एवढंच. माफ केलं असं काही ती बोलली नाही, आणि मला ते आवडलं. दीक्षा काही नवीन लिहीत होती. मी पाहिलं. पांढऱ्याच चौकटीत होतं: "आई, आभार मान."

सभा कोणतीही असो, आभाराशिवाय मी तिला संपू देत नाही, हे पोरीला ठाऊक होतं. मी पदर सारखा केला.

अभयचे आभार मानले, जर्मनीत ढाल सांभाळ म्हटलं. साईचे मानले, कारण चुकल्यावर खाली मान घालून पाणी प्यायलाही हिंमत लागते. उत्कर्षाचे मानले, तिला सांगितलं की पुढच्या जयंतीला आमच्या स्टेजवर बोलायला यायचं आणि असंच बोलायचं. मग मी दीक्षाकडे वळले. म्हटलं, "ही माझी मुलगी. शेजारपाजारी विचारतात, दीक्षा काय करते, तेव्हा मी इतके दिवस सांगत होते, कॉम्प्युटरवर असते. आजपासून मी असं सांगणार नाही. एक मुलगी बोलेनाशी झाली, तर हिने तिच्यासाठी गोष्टीत एक दार बांधलं आणि ते तिच्यासमोर येईपर्यंत दोन वर्षं तिची एकेक ओळ स्वतःच्या तोंडाने वाचली. तिला कधी कळू दिलं नाही. मी सभा चालवते, हे खरं. मी माणसाला माइकपर्यंत आणते. हिने माइकच माणसापर्यंत नेला. मला हिचा अभिमान आहे, आणि तो मी आज जाहीर करते. आमच्या घरात शिक्षण कसं आलं, ते या निमित्ताने थोडक्यात सांगायचं झालं, तर माझे सासरे..."

दाराशी तात्याराव येऊन उभे होते. ते कधी आले कुणास ठाऊक. त्यांनी डोळे पुसले की चष्म्याखाली खाजवलं, ते मी विचारणार नाही, कारण ते सांगणार नाहीत.

निळ्या चौकटीत काहीतरी उमटलं. निळी चौकट माझ्यासाठी नव्हती, त्यामुळे मी सासऱ्यांचं चालू ठेवलं. दीक्षाने माझी हनुवटी धरून माझं तोंड तिकडे वळवलं. वर नाव होतं: आई. खाली एक ओळ होती.

"आटोपतं घ्या, वेळ संपली."

इतकी वर्षं ही चिठ्ठी मी येरवड्यातल्या एकेका मोठ्या माणसाला पाठवली. मला कधी कुणी पाठवली नव्हती. कुणाची छाती नव्हती. दीक्षा ओठ दाबून हसत होती, आवाज न करता, डॉक्टरांचं सगळं पथ्य पाळून. त्या ओळीतलं एकही अक्षर मी मोठ्याने वाचलं नाही. चौकटीची घडी घालता येत नाही, म्हणून चष्म्याची घातली, "धन्यवाद" म्हटलं आणि खाली बसले. मी आधीपासून बसलेलीच होते, तरी.